वाणात ठेवलेली भातुकली

आमच्या ओट्याखालचा सगळ्यात खालचा खण उघडायला मी घाबरते. एकदा उघडला की तो बंद होत नाही. वर्षानुवर्षं हळदीकुंकवाला मिळालेलं वाण त्यात कोंबलेलं आहे. चहाच्या गाळण्या, साबणाच्या डब्या, लिंबू पिळायची यंत्रं, झाकण हरवलेले प्लास्टिकचे डबे आणि डबे हरवलेली झाकणं. एक वस्तू तर अशी आहे की ती कशासाठी असते हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. नवरा म्हणतो, अंडी सोलायला असेल. आमच्या घरात अंडी येत नाहीत.

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत आमच्या कोथरूडच्या सोसायटीत रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असतं. काळ्या साड्या निघतात, तिळगूळ होतो आणि घरची बाई आलेल्या प्रत्येकीच्या हातात एक वस्तू ठेवते. याला वाण लुटणं म्हणतात. लहानपणी हे ऐकून मला वाटायचं, काय धमाल असेल, बायका धावत येऊन हवं ते पळवत असतील! प्रत्यक्षात कुणी काही लुटत नाही. घाऊक आणलेल्या एकसारख्या वस्तू रांगेने हातात पडतात, आपण ‘अगंबाई, किती छान’ म्हणतो आणि घरी जाऊन तो खण उघडायचा प्रयत्न करतो.

गेल्या वर्षी तर कहर झाला. चौथ्या मजल्यावरून मला एक हिरवी साबणाची डबी मिळाली. उलटी करून बघते तर तळाला नेलपॉलिशचा डाग. तो डाग माझ्याच हातून पडला होता, कारण मागे कधीतरी ती डबी वाण म्हणून मीच दिली होती. आता ती कुठल्या कुठल्या घरात फिरून आली असेल, हा प्रश्न मला आठवडाभर छळत होता. मला चौकशीची खोड आहे, नवरा तिला रोग म्हणतो. मी दोन-तीन घरी आडून आडून विचारूनही पाहिलं, पण कुणी ताकास तूर लागू दिली नाही.

“आई, ही कचऱ्याची रिले रेस आहे,” माझी मुलगी म्हणाली. ती कॉलेजात आहे आणि तिच्या पिढीला आमचं सगळंच कचरा वाटतं. पण या वेळी तिचं म्हणणं मला पटलं, आणि पटलं याचा रागही आला.

म्हणून या वर्षी मी जाहीर केलं की वाण विकत आणायचं नाही. घरातल्या चांगल्या, धड वस्तू दिवाणावर मांडायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकीने तिला हवं ते उचलून न्यायचं. खरोखरीची लूट.

“म्हणजे जुना बाजार,” नवरा म्हणाला.

“अहो, जुना बाजार कसा? पैसे कुठे घेणार आहे मी?”

“मग जुन्या बाजाराहूनही वाईट. त्यांना निदान दोन पैसे सुटतात.”

त्यांच्याकडे लक्ष न देता मी कामाला लागले. न वापरलेल्या चादरी काढल्या, कपबश्यांचा सेट काढला, काचेचा जग, इस्त्री, विणकामाच्या सुया, रंगीत खडूंची न फोडलेली मोठी पेटी, भिंतीवरचं घड्याळ. दिवाण भरला. मी कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत होते. मुलगी आली, तिने सगळ्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, “यातलं तुला आवडणारं काय आहे?”

“म्हणजे?”

“म्हणजे गेलं तर तुला वाईट वाटेल असं काही आहे का यात?”

मी पुन्हा बघितलं. नव्हतं.

“मग हे देणं नाही. ही आवराआवर आहे,” असं म्हणून बाईसाहेब आपल्या खोलीत निघून गेल्या.

माझा असा संताप झाला! तिच्या नाकावर टिच्चून मी स्टूल घेतलं, माळ्यावर चढले आणि अगदी मागून एक लाकडी पेटी ओढून काढली. माझी भातुकली. मी सहा-सात वर्षांची असताना मावशीने तुळशीबागेतून आणलेली, अस्सल पितळेची. चूल, तवा, परात, पोळपाट-लाटणं, पातेल्या, पळ्या, घागर, जातं, बंब, छोटी छोटी ताटं आणि वाट्या. चिंच-मीठ लावून मी सगळं घासलं, तेव्हा ते लखलखायला लागलं. पेटी दिवाणावर ठेवताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मुलीने येऊन पाहिलं आणि माझ्या गळ्यात हात टाकले. हळदीकुंकू पुढच्या शनिवारी होतं. तोवर सगळं तिथेच, हॉलमध्ये मांडलेलं राहिलं.

आता बाईंबद्दल सांगायला हवं. आमच्या वरच्या मजल्यावर महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक मुख्याध्यापिका राहतात. पंच्याहत्तरी उलटली आहे. लग्न केलं नाही. सगळी सोसायटी त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते. बाईंचं घर बघायला जायला हवं असं आहे, म्हणजे बघण्यासारखं त्यात काहीच नाही म्हणून. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. पाहुणा आला तर खुर्चीवर तो आणि पलंगावर बाई. दोन पाहुणे आले तर दुसऱ्याने उभं राहायचं. फ्रिज होता, तो त्यांनी कधीच कुणाला तरी देऊन टाकला. कुणी काही भेट आणली तर बाई दारातच विचारतात, “हे मी कुठे ठेवू?” विचारतात अशा आवाजात की माणूस भेट घेऊन आपल्या घरी परत जातो. मला हे सगळं फार भारी वाटायचं. आपल्याला असं राहता यायला हवं, असं दर वेळी त्यांच्याकडून उतरताना वाटायचं, आणि घरी आल्यावर तो खण दिसायचा.

एकट्या माणसाला अख्खा पेपर कशाला, म्हणून बाईंनी पेपरही बंद केला. सकाळी आमच्या यांचा वाचून झाला की त्या खाली येतात, दिवाणाशेजारच्या खुर्चीत बसून आमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, आला होता त्याहून नीट घडी घालतात आणि जातात. चहा घेत नाहीत. गप्पाही फारशा मारत नाहीत. ‘येते’ म्हणतात एवढंच.

वस्तू मांडल्यानंतर एक-दोन दिवसांतली गोष्ट. दुपारी हॉलमध्ये आले तर भातुकली पेटीतून बाहेर, दिवाणाच्या कडेला नीट मांडलेली. आता मांडणं म्हणजे काही शोभेचं मांडणं नव्हे. मध्ये चूल, चुलीवर तवा. डावीकडे घागर, उजवीकडे परात, परातीला लागून पोळपाट, आणि ताटं-वाट्या मागे, हात मागे केला की लागतील अशा. चुलीपुढे बसणारीला एकदाही उठावं लागणार नाही असा सगळा बेत. जिने कुणी हे केलं तिला स्वयंपाक येत होता, आणि तोही खाली बसून करायचा. माझं कुतूहल जे चाळवलं, ते काही केल्या बसेना.

मी घरात तपास सुरू केला.

“अहो, तुम्ही भातुकली मांडलीत?”

“मी? मला काल आपल्या घरात साखर सापडली नाही.”

खरं होतं. मुलीला विचारलं तर तिचे डोळे मोठे झाले. “मला वाटलं तूच मांडतेयस! मी तर फोटोपण काढला, मस्त आला.” धुणंभांडी करणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या कमरेला पदर खोचत म्हणाल्या, “ताई, तुमची खरी भांडी काय कमी हायेत व्हय?” त्यांचाही मुद्दा बरोबर होता.

मग मी एक युक्ती केली. सगळी भांडी मुद्दाम वेडीवाकडी पेटीत कोंबली, वर झाकण लावलं आणि पेटीवर एक चादर टाकली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक उरकून येते तो चादर घडी करून बाजूला आणि भातुकली जागच्या जागी. बाई गं! मी शहारले, आणि खरं सांगायचं तर मला मजाही वाटली. आमच्या घरात कितीतरी दिवसांत काही गूढ घडलं नव्हतं. शिवाय चादरीची ती घडी माझ्या ओळखीची वाटत होती, पण नेमकी कुठे पाहिली ते आठवेना.

आमच्या स्वयंपाकघरातून हॉलमध्ये ताटं सरकवायला एक छोटी खिडकी आहे. पुढच्या दिवशी सकाळी मी लाडवांसाठी तीळ भाजत होते, आणि सहज त्या खिडकीतून बाहेर पाहिलं. बाई खुर्चीत होत्या. पेपर मांडीवर उघडा होता, पण नजर पेपरवर नव्हती. एक हात पेपरच्या खालून दिवाणापर्यंत पोचला होता. त्या इवल्याशा परातीत दोन बोटांनी त्या भाकरी थापत होत्या. नसलेलं पीठ, नसलेली भाकरी. थापताना परात जराशी फिरवत होत्या. मग दोन बोटांवर ती भाकरी उचलून त्यांनी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, थांबल्या, उलटली. फुगली असणार, कारण त्या हसल्या. इतक्या वर्षांत मी बाईंना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

किती वेळ बघत उभी होते कोण जाणे.

“तीळ करपले तुझे,” बाई म्हणाल्या. मान वर न करता.

मी गॅस बंद केला आणि हात पुसत बाहेर आले. आता काय बोलावं? मी आपली सरळ मुद्द्यावर आले. “बाई, तुम्हाला आवडली असेल तर घेऊन जा ना.”

“मी? मी काय करू तिचं? कुठे ठेवू?” तोच नेहमीचा प्रश्न, पण या वेळी त्यात जीव नव्हता. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, “तुझी का ही?”

“हो.”

“काय करायचीस तू यात?”

मी सांगितलं. चुरमुऱ्यांचा भात, दाणे-गुळाचे लाडू, पाण्यात हळद कालवून वरण. बाईंनी पेपरची घडी घातली आणि मग प्रश्नांची सरबत्तीच लावली. पाहुणे कोण व्हायचं? आई व्हायची पाळी कुणाची, ते कसं ठरायचं? भांडणं व्हायची का? मीठ खरं घालायचात की खोटं? माझ्यासारख्या चौकस बाईलाही कधी पडले नसते असे ते प्रश्न होते. एखादा माणूस कधीच न पाहिलेल्या गावाबद्दल विचारतो तशा त्या विचारत होत्या.

“आणि कंटाळा आला की?”

“उठून जायचो.”

“तसंच टाकून? मग भांडी कोण घासायचं?”

“कुणीच नाही, बाई. खेळच होता ना.”

बाईंनी चुलीवरचा तवा सरळ केला. मग म्हणाल्या, “मी आठ वर्षांची होते तेव्हा आमची आई अंथरुणाला खिळली. माझ्या पाठची चार भावंडं. शेजारच्या मुली अंगणात भातुकली मांडायच्या, मला हाका मारायच्या. मी सांगायचे, माझी भाकरी तव्यावर आहे. खरीच असायची. आमची परात इतकी मोठी होती की मी तिच्यात बसले असते.” उठल्या, चपला घातल्या. “उद्या येते.”

त्या गेल्यावर मी आत जाऊन ओट्याला टेकून रडले. करपलेल्या तिळांचा वास भरला होता घरात, त्यामुळे यांना वाटलं मी तिळांसाठी रडतेय. “आणू की दुसरे,” म्हणाले बिचारे.

संध्याकाळी मी पेटी कापडी पिशवीत घातली आणि वर गेले. मला वाटलं, चारचौघांत नको असेल त्यांना, गुपचूप देऊन यावं. बाईंनी दार उघडलं, पिशवीकडे पाहिलं.

“हे मी कुठे ठेवू?”

“टेबलावर.”

“टेबल जेवायला आहे.”

“मग पलंगाखाली.”

“तिथला केर काढावा लागतो.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “अगं, गरज नसलेली वस्तू घ्यायची नाही, हे मी जन्मभर पोरांना शिकवलं. आणि आता तू मला ती पिशवीत लपवून आणून देतेस? ने परत.”

मी पिशवी घेऊन खाली आले. माझा चेहरा बघून यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे त्यांनाही कळलं. मी सगळं सांगितलं. “तुला देता येतंय, त्यांना घेता येत नाहीये,” ते म्हणाले. “आता जास्त आग्रह करू नकोस. उद्यापासून पेपरलाही यायच्या नाहीत, आणि आहे ते सकाळचं अर्ध्या तासाचं सुखही जाईल.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. शनिवारी ती भातुकली कुणीतरी उचलून नेणार. बाई तोंडाने ‘हवी’ म्हणणार नाहीत, माझ्या हातून घेणार नाहीत, आणि रविवारी येऊन रिकाम्या दिवाणाशेजारी पेपर वाचत बसतील. मला ते चित्र सहन होईना. ती काढून ठेवावी म्हटलं तर काढून ठेवून तरी काय करणार होते? पुन्हा पिशवीतून वर नेणार?

“त्यांना हळदीकुंकवाला बोलाव की,” मुलगी फोनमधून डोकं न काढता म्हणाली. “सगळ्या घेणार, मग त्याही घेतील.”

मी चमकून तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं या इमारतीत इतकी हळदीकुंकवं झाली, पण बाईंना कुणी कधी बोलावलं नव्हतं. मुद्दाम टाळलं असंही नाही. सवाष्णींचा कार्यक्रम, बाई बिनलग्नाच्या, विषयच निघाला नाही. आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या बायका आणि एकीच्याही डोक्यात हे येऊ नये, कमाल आहे.

दुसऱ्या दिवशी पेपरच्या मागे बाई होत्या तेव्हाच मी बोलून टाकलं. “बाई, शनिवारी माझ्याकडे हळदीकुंकू आहे. तुम्ही या.”

पेपर खाली आला. “मी?”

“हो.”

“इतक्या वर्षांनी आठवण झाली?”

“झाली खरी,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“आणि वाण?”

“जिला जे हवं ते तिने न्यायचं. पण एक नियम आहे.” तो नियम मला त्याच क्षणी सुचला, देवाशपथ. “हवं ते स्वतःच्या तोंडाने मागायचं आणि स्वतःच्या हाताने उचलायचं. मी कुणाच्या हातात काही ठेवणार नाही.”

“बघू,” बाई म्हणाल्या. पुण्यात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे सांगायला नको.

शनिवारी घर भरलं. मटारच्या करंज्या, कॉफी, उसाचे तुकडे, बोरं. नियम सगळ्यांना सांगून झाला. बायका दिवाणाभोवती संग्रहालयात फिरावं तशा फिरल्या आणि परत खुर्च्यांवर जाऊन बसल्या. एकही वस्तू कुणी उचलेना. “घरी जागाच नाही गं.” “मला कशाला, हिलाच दे.” देणाऱ्या बायका मी आयुष्यभर पाहिल्या आहेत, पण घ्यायची वेळ आली की सगळ्यांची अशी पंचाईत होते, हे मला पहिल्यांदाच दिसत होतं. एकीने तर मला बाजूला घेऊन कानात विचारलं, “सगळं ठीक आहे ना? तुझ्या यांची नोकरी वगैरे?”

शेवटी सेक्रेटरींच्या बायकोने धाडस केलं. “इस्त्री हवी मला!” असं जवळजवळ ओरडूनच तिने ती उचलली. आणि मग काय विचारता! धरण फुटलं. जिच्याकडे कपबश्यांची अख्खी कपाटं आहेत तिने कपबश्या मागितल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एक कडक सासूबाई आहेत, ज्यांच्यापुढे त्यांची सून मोठ्याने शिंकत नाही. त्यांनी रंगीत खडूंची पेटी छातीशी धरली. “नातवाला का?” कुणीतरी विचारलं. “नाही. मला,” त्या म्हणाल्या आणि सगळ्यांकडे अशा पाहत राहिल्या की पुढचं विचारायची कुणाची छाती झाली नाही. मी तर थक्क झाले. कुणाला काय हवं असतं, आपल्याला शेजारी राहून काही म्हणजे काही माहीत नसतं.

पण माझं अर्धं लक्ष दाराकडे होतं. बाई आल्या नव्हत्या.

आमच्या इमारतीत नागपूरकडची एक मुलगी नवीन राहायला आली आहे, आयटीत आहे, लग्नानंतरची तिची पहिलीच संक्रांत. फार गोड पोर. ती वाकली आणि तिने पेटीचं झाकण उघडलं. “बापरे, किती क्यूट! काकू, ही मी घेऊ? मी कधीची असंच काही शोधून राहिली होती, टीव्हीखाली ठेवायला.” तोंडाने मागितली आणि हाताने उचलली. नियम पाळला बिचारीने.

माझी मुलगी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. काय कारण सांगून नाही म्हणणार? ‘घे हो’ म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात उंबऱ्यात बाई दिसल्या.

करडी सुती साडी, नेहमीचीच. खोलीतली बडबड थांबली. कुणीतरी खुर्ची रिकामी केली. बाई बसल्या नाहीत. त्यांनी पेटीकडे पाहिलं, ती धरलेल्या मुलीकडे पाहिलं. कित्येक वर्गांना गप्प केलेला तो आवाज, पण त्या दिवशी तो जेमतेम ऐकू आला.

“ती मला हवी आहे.”

“काय, बाई?” मी मूर्खासारखं विचारलं.

“भातुकली.” त्या दिवाणापाशी आल्या. “गरज नाही मला तिची. हवी आहे.”

कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर मी तिला घराबाहेर काढलं असतं, सेक्रेटरींची बायको असती तरी. नागपूरची पोर चटकन पुढे झाली, “अहो आजी, तुम्हीच घ्या ना!” आणि पेटी त्यांच्या हातात द्यायला लागली.

“खाली ठेव,” बाई म्हणाल्या. “मी उचलते.”

तिने पेटी दिवाणावर ठेवली. बाईंनी दोन्ही हातांनी ती उचलली. जड होती, पण मदतीला कुणी पुढे गेलं नाही, आणि ते बरंच झालं. त्या पोरीला आमच्या इमारतीचे रीतिरिवाज ठाऊक नव्हते. हळदीकुंकवाचं तबक मी तिच्याकडेच सोपवलं होतं, तिने ते घेतलं आणि जसं सगळ्यांना लावत होती तसं बाईंनाही हळदीकुंकू लावलं. बाईंनी कपाळ पुढे केलं.

रविवारी बाई पेपरला आल्या नाहीत. सोमवारीही नाही. माझ्या जिवाची नुसती घालमेल. चारचौघांत मागावं लागलं याची लाज वाटत असेल का? तो नियम करून मी त्यांना उगाच अडचणीत टाकलं का? यांनीही दोन वेळा घड्याळाकडे पाहिलं. शेवटी पेपर उचलला आणि मी वर गेले.

दार लोटलेलं होतं. बाई जमिनीवर बसल्या होत्या, एक गुडघा दुमडत नाही म्हणून पाय लांब करून. पुढ्यात चूल मांडलेली. पातेलीत काही नव्हतं, परातीत काही नव्हतं, पण खोलीत स्वयंपाकाची गडबड होती हे कुणीही सांगितलं असतं. मला पाहून त्या अजिबात संकोचल्या नाहीत.

“आलीस? बस. जेवायचीच आहेस ना?”

“हो,” मी म्हटलं आणि खाली बसले. त्यांनी एक ताट माझ्यापुढे ठेवलं, एक स्वतःपुढे. पातेलीत पळी घातली. आपल्याकडे पाहुण्याला आधी वाढतात, म्हणून मी माझं ताट पुढे केलं.

बाईंनी पळी मागे घेतली.

“थांब. पाठच्या चौघांचं झाल्यावर उरेल ते मी जेवायचे,” त्या म्हणाल्या. “आज आधी मी.”

त्यांनी स्वतःच्या ताटात भात वाढून घेतला, वरण घेतलं, एक भाकरी घेतली. मग क्षणभर विचार केला आणि आणखी एक घेतली. मी माझं रिकामं ताट हातात धरून, त्यांचं जेवण होईपर्यंत बसून राहिले.